बाळंतपण माहेरी, अहवाल सासरी

पावसाळा आला की या स्तंभात कावीळ येतेच. ती पाण्यातून येणारी, ए आणि ई प्रकारची. तिची साथ डोळ्यांना दिसते, साप्ताहिक सर्वेक्षणात आकडाही चढतो. हिपॅटायटिस बी मात्र रक्तातून, वापरलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून किंवा जन्मताना आईकडून येतो आणि वीस-तीस वर्षं यकृतात मुकाट बसतो. डोळे पिवळे होईपर्यंत थांबलं, तर नोंद होऊनही उपयोग थोडाच.

म्हणून ‘नोंद सक्तीची करा’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, नोंद कुणासाठी? मला पुण्या-दिल्लीच्या तक्त्यापेक्षा प्रसूतिकक्षातल्या सिस्टरची चिंता आहे. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत हा आजार कायमचा मुक्काम करतो. प्रौढांत शंभरात पाचांतही नाही. त्यासाठीच पहिली लस २४ तासांच्या आत. आई बाधित असेल, तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही. ही लस २०११ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे आणि २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी, टेनोफोविरच्या गोळ्या मोफत. कागदावर काही कमी नाही.

पण बल्लारपूरची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. माहेर अहेरीला, सिरोंच्याला, नाहीतर सीमेपलीकडे मंचेरियालला. रक्तात विषाणू फार असेल तर आईच्या गोळ्या अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून सुरू करायच्या. नेमकी तेव्हाच घरात डोहाळजेवणाची आणि पाठवणीची गडबड. अहवाल इथल्या फायलीत राहतो. रात्री कळा सुरू झाल्यावर तिथल्या सिस्टरला कोण सांगणार? लस प्रत्येकच बाळाला द्यायची आहे, हे खरं. पण घरीच बाळंतपण झालं तर तीही हुकते.

कार्डावर ठळक लिहावं, तर सासूबाई ताट वेगळं करतात. ताटातून हा आजार पसरत नाही, अंगावरच्या दुधातूनही नाही. एचआयव्हीग्रस्तांना २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचं कवच दिलं. हिपॅटायटिस बीसाठी तसा वेगळा कायदा नाही. तेव्हा तिला विचारून, तिच्या होकाराने, आठव्या महिन्यात इथल्या सिस्टरने माहेरच्या उपकेंद्राला एक फोन करावा. त्याला नवा कायदा लागत नाही.

आणि आरोग्य विभागाने ‘रुग्ण किती’ एवढंच सांगून थांबू नये. बाधित आयांच्या किती बाळांना २४ तासांत लस मिळाली, हा आकडा सासर-माहेरच्या दोन्ही जिल्ह्यांनी दर तिमाहीला जाहीर करावा. या स्तंभात तो मी छापीन.