आधी शहानिशा, मग जबाब

मे 2025. सीमेवर तणाव होता. मिरजेहून खालाजानचा मेसेज खानदानाच्या ग्रुपवर आला: व्हायरसचा मोठा हल्ला झालाय, दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार, पैसे काढून ठेवा. साताऱ्याच्या मामूंनी तो लगेच आणखी तीन ग्रुपवर ढकलला. पत्र सूचना कार्यालयाने हा मेसेज खोटा असल्याचे जाहीर केले. ते मात्र ग्रुपवर कुणीच टाकले नाही.

खालाजानची भीती मात्र बिनबुडाची नव्हती. आपल्याकडे घरटी कुणाचे ना कुणाचे खाते सहकारी बँकेत असते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याची कॉसमॉस ही सहकारी बँकच लुटली गेली. कार्ड घातल्यावर खात्यात पैसे आहेत का, हे बँकेची यंत्रणा तपासते. चोरांनी तिच्या जागी आपली खोटी यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक मागणीला ‘हो’ म्हणत राहिली. 11 ऑगस्टला काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. 13 तारखेला आणखी जवळपास 14 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पुढे या चोरीमागे उत्तर कोरियाचा हात असल्याचे म्हटले.

अशा वेळी देशाने काय करावे? चौकातले उत्तर सोपे असते: त्यांनी आमची बँक फोडली, आपण त्यांची फोडू. पण ‘त्यांनी’ म्हणजे नेमके कुणी?

12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्याच्या गृहमंत्र्यांनी पुढे सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताचा संशय बोलून दाखवला. चीनचे नाव चर्चेत आले. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचे सांगितले. एकाच अंधाराची दोन सरकारी उत्तरे! यातल्या कुठल्या उत्तरावर पलटवार करायचा?

दुसरी अडचण अशी की हे हत्यार सोडणाऱ्याच्या हातात राहत नाही. जून 2017 मध्ये युक्रेनला लक्ष्य करून ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस सोडला गेला. अमेरिका आणि ब्रिटनने त्यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरले. तो जगभर पसरला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा परदेशी जातो तो याच वाटेने. भांडण कुणाचे आणि माल अडकला कुणाचा!

हजरत अबू बक्र (रजि.) यांनी मोहिमेवर निघालेल्या फौजेला बजावले होते की बायका, मुले, म्हातारे यांना हात लावू नका, फळझाडे तोडू नका. आज दवाखान्याचा संगणक आणि गावाचा पाणीपुरवठा यांना तोच न्याय लागू व्हायला हवा. शत्रूच्या देशातल्या आजारी माणसाचे ऑक्सिजन बंद पाडणे हा शौर्याचा जबाब नव्हे.

मग गप्प बसायचे का? मुळीच नाही. कॉसमॉसच्या बाबतीत पोलिसांनी कॅमेऱ्यांची चित्रे तपासली, आपल्याच राज्यात पैसे काढणारी माणसे शोधली, आणि 2023 मध्ये न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली. हाँगकाँगमधून काही रक्कमही परत आली. हा रस्ता लांबचा आहे, पण त्यात निरपराध सापडत नाही. त्याच्या जोडीला लहान सहकारी बँकांची कुलपे मजबूत करावीत, पुरावा जगासमोर मांडून गुन्हेगार देशाचे नाव घ्यावे, त्याच्यावर निर्बंध आणावेत. आणि प्रतिहल्ला करायचाच झाला, तर तो हल्लेखोराच्या यंत्रणेवर व्हावा, त्याच्या जनतेवर नव्हे.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण पुरावा न पाहता दिलेल्या जबाबाची किंमत आपण आपल्याच जिल्ह्यात मोजली आहे. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून आला. एक तरुण जिवानिशी गेला. मजकूर खरोखर कुणाच्या बोटांनी लिहिला, हे तपासून पूर्ण व्हायच्या आधीच दगड उचलले गेले होते. खात्यावर नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, हे सहज घडू शकते. गावाला जे लागू, तेच देशाला.

सूरह हुजुरातमध्ये खबर आली तर आधी तिची शहानिशा करण्याचा हुकूम आहे, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान करून मागाहून पस्तावाल, असा इशाराही आहे. सूरह माइदात कुणाच्या दुश्मनीपायी इन्साफ सोडू नका, अशी ताकीद आहे. दोन्ही गोष्टी सरकारला लागू आहेत आणि आपल्या ग्रुपलाही. पैसे गेले तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा, लाजेने लपवू नका. ओटीपी अम्मीने मागितला तरी आधी फोन करून आवाज ऐका.

परवा मामूंनी पुन्हा एक सनसनाटी मेसेज टाकला. खालाजानने खाली तीनच शब्द लिहिले: “कुणी सांगितलं, भाईजान?”

मामूंनी तो मेसेज काढून टाकला.