रिबन ईलचा उपवास

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात रिबन ईल ठेवावी काय, अशी पृच्छा करणारी पत्रे या स्तंभाकडे अधूनमधून येतात, आणि ती लिहिणारे बहुतेक वाचक टाकीचे माप, स्किमरची योजना, मिठाचे प्रमाण इत्यादी सर्व बंदोबस्त आधीच करून बसलेले असून केवळ संमतीच्या शिक्क्यासाठी आम्हांस गाठतात, असा आमचा अनुभव आहे. या सर्वांना आज एकत्रच उत्तर देतो: ठेवू नये.

या माशाचा मोह पडावा यात मात्र नवल नाही. मोरे वामींच्या दांडग्या कुळात जन्मूनही हा जीव बोटाएवढ्या जाडीचा, दोन्ही बाजूंनी चेपलेला आणि पूर्ण वाढीस लागल्यावर मीटरभर लांब होणारा. खालच्या जबड्याला बारीक मिशा, आणि नाकपुड्यांच्या टोकांशी पानाच्या आकाराचे दोन पातळ पडदे, जे पाण्याच्या लहानशा हालचालीनेही थरथरतात. पिल्लू असताना तो काळा कुळकुळीत असतो व पाठीच्या परावर तेवढी पिवळी रेघ असते. मग अंग गडद निळे होते आणि तोंडावर पिवळा रंग चढतो. शेवटी सारे शरीरच पिवळे पडते. निळे ते नर आणि पिवळ्या त्या माद्या, अर्थात एकच जीव आधी नर व मागाहून मादी होतो, असे मानले जाते. सॅम्युएल गार्मन यांनी १८८८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले, तरी या रंगावस्थांना अभ्यासक पुढे बराच काळ निरनिराळ्या जाती समजत होते. दुकानात ही ईल सारखा जबडा वासते ते पाहून गिऱ्हाईक दचकते. वास्तविक तो राग नसून कल्ल्यांतून पाणी खेळविण्याची तिची रीत आहे.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत, प्रवाळाच्या आसऱ्याने, वाळूत किंवा खडकांच्या चुऱ्यात बीळ करून ही राहते. मुंडके व थोडी मान बाहेर काढून डोलत राहावे, जवळून जाणाऱ्या लहान माशावर झडप घालावी आणि पुन्हा आत सरकावे, एवढाच तिचा दिनक्रम. तिच्या गरजांपैकी बिळाची सोय टाकीत सहज होते: वाळूत पीव्हीसीची नळी पुरली की काम भागते. झाकणाला बोटभरही फट राहू न देणे, हेही दक्ष माणसाला साधते. कारण वाम जातीचा कोणताही मासा रात्री फट शोधून बाहेर पडतो आणि सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो. खरी अडचण भोजनाची आहे.

चिमट्यात धरलेला कोळंबीचा तुकडा तिच्या तोंडासमोर हलवावा, तर ती मान वळवते. अधिक जवळ न्यावा, तर नळीत उलटी सरकते. मग टाकीतले दिवे मालवून पाहावे, जिवंत गप्पी किंवा मोली सोडून पाहावे. आणि ते मासेही कित्येकदा तिच्या नाकासमोरून सुखरूप हिंडत राहतात. कुणी घायकुतीला येऊन गोल्डफिशची पिल्ले घालतो, पण त्यांच्या मांसात ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असल्यामुळे तो आहार चालू राहिल्यास नवेच दुखणे उपटते. आठवडे लोटतात, डोक्यामागचे मांस झडून पाठीवर धार दिसू लागते, आणि पुष्कळशा ईल अशाच उपाशी मरतात.

हा दोष सर्वस्वी पाळणाऱ्याचा नव्हे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. या माशाची टाकीत पैदास करून विक्री होत नाही. बाजारात येणारी प्रत्येक रिबन ईल समुद्रातूनच, प्रामुख्याने इंडोनेशिया व फिलिपाईन्सच्या बाजूने, उचललेली असते. कोळ्याकडून अडत्याकडे, तेथून निर्यातदाराकडे, मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून विमानाने आयातदाराकडे व अखेर दुकानात, अशा हस्तांतरात ती दर मुक्कामी उपाशीच असते. त्यात फिलिपाईन्समध्ये शोभिवंत मासे गुंगविण्यासाठी सायनाइड फवारण्याची वहिवाट १९६० च्या दशकात पडली. १९७५ च्या फर्मानाने तिला बंदी झाली, तरी ती समूळ गेली नाही. आपल्या टाकीत आलेल्या जीवाची हकीकत काय होती, याचा दाखला कोणताही दुकानदार देऊ शकत नाही.

आमचा मुख्य आक्षेप या व्यवहाराच्या जमाखर्चावर आहे. जो मासा दहा वर्षे जगतो तो एकदाच विकला जातो. जो दोन महिन्यांत मरतो त्याची जागा रिकामी होते, आणि हौशी माणूस, अपयश स्वतःच्या कौशल्याच्या खात्यावर टाकून, दुसरा नग आणतो. म्हणजे माशाचे मरण हे विक्रेत्याचे नुकसान नसून पुढच्या मागणीचे बीज ठरते, आणि ‘कठीण’ हे विशेषण, जे गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी असावे, तेच त्याला आव्हान देऊ लागते. ‘अमुकाकडे वर्षानुवर्षे जगली आहे,’ असा पुरावा नेहमी पुढे केला जातो. जगली असेलही, चिकाटीच्या जाणकारांनी या ईल दीर्घकाळ सांभाळल्या आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यांच्या मेल्या ते सहसा चारचौघांत बोलत नाहीत, त्यामुळे साक्षीदार एकाच बाजूचे येतात.

राजेंद्रप्रसादांच्या हस्ते १९५१ मध्ये उघडलेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला निदान समोरच समुद्र होता व पगारी माणसांचा ताफा होता; दिवाणखान्यातल्या टाकीमागे पिशवीतले मीठ आणि एका माणसाची सुटीची वेळ, एवढेच भांडवल असते.

ज्यांना वामच हवी आहे त्यांनी स्नोफ्लेक मोरे पाहावी. ठिपक्याठिपक्यांची ही वाम खेकडे-कोळंबीवर जगते, मेलेली कोळंबीही बहुधा लवकर स्वीकारते आणि टाकीत पुष्कळ वर्षे काढते. झाकणाचा नियम मात्र तिलाही लागू आहे. आणि रिबन ईल घेण्याचा निश्चय कायमच असेल, तर दुकानदाराला आपल्यादेखत तिला मेलेले अन्न भरवायला सांगा, आठवड्याने पुन्हा जाऊन तेच पाहा, आणि दोन्ही वेळा तिने खाल्ले तरच पैसे मोजा; विसार म्हणून एक रुपयाही आधी देऊ नका.