भाषणं पुरे, आता दुकान काढू द्या

"मराठी पोरांची मानसिकताच मुळी नोकरीची!" हे वाक्य तुम्ही आजवर किती वेळा ऐकलंय? मी कॉलेजात पाऊल टाकल्यापासून ऐकतोय. वर्षातून एकदा उद्योजकतेवर कार्यक्रम असायचा. पुण्या-मुंबईहून कोणीतरी मोठे पाहुणे यायचे, दीड तास बोलायचे, 'स्वप्नं बघा, रिस्क घ्या, चौकटीबाहेर पडा' असं सांगायचे आणि शाल-श्रीफळ घेऊन निघून जायचे. टाळ्या वाजवून आम्ही हॉस्टेलवर परत आलो की ॲप्टिट्यूडची पुस्तकं पुन्हा उघडायचो, कारण पुढच्या आठवड्यात कॅम्पस असायचा. मग स्टाफरूममध्ये चर्चा, की या पोरांना कितीही सांगा, काही उपयोग नाही. मानसिकता!

माझं म्हणणं असं, की हा आरोप साफ खोटा आहे, आणि तो खोटा आहे याचा पुरावा त्या कॉलेजांपासून एसटीनं तास-दोन तासांवर आहे.

सांगली जिल्ह्यातले खानापूर-आटपाडी आणि त्यांना लागून असलेले साताऱ्याचे माण-खटाव हे दुष्काळी तालुके. तिथली माणसं कित्येक दशकं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. केरळ, तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश... सराफ बाजार असेल तिथं तुम्हाला विट्याकडचा माणूस भेटतो. भाषा येत नाही, ओळखपाळख नाही, शिक्षण जेमतेम, आणि तरी परक्या गावात दुकान टाकून बसतो. धंदाही असा, की लोक आपलं सोनं याच्या हातात देणार! हे धाडस नाही तर काय आहे?

आता गंमत बघा. त्याच गावात, कधीकधी त्याच घरात, दुसरा भाऊ इंजिनिअर होतो आणि थेट हिंजवडीला क्युबिकलमध्ये येऊन बसतो. आईबाप तेच, जेवणखाण तेच, संस्कार तेच. मग 'मानसिकता' एका भावाला मिळाली आणि दुसऱ्याला नाही, असं कसं झालं?

फरक आहे तो त्या दोघांनी काय पाहिलं आणि काय केलं यात. गलाईतला मुलगा आधी मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात राहतो. भट्टी पेटवतो, गिऱ्हाईक कसं बोलतं ते ऐकतो, हिशेब चुकला तर शिव्या खातो. काही वर्षांनी स्वतःचं दुकान टाकतो तेव्हा पाठीशी कोणी ना कोणी असतं, आणि बुडालाच तर परत मामाच्या दुकानात जाता येतं. इंजिनिअर भावानं मात्र चार वर्षांत एक रुपयाची वस्तू कोणाला विकलेली नसते. वर शैक्षणिक कर्ज असतं आणि 'आमचा मुलगा इंजिनिअर' म्हणून गावभर झालेली जाहिरात असते. त्यानं धंद्यात आपटी खाल्ली तर परत जायला मामाचं दुकान नाही. म्हणजे त्याला हरणं महाग आहे. हा सरळ हिशेब आहे आणि तो हुशार मुलगा असल्यामुळे त्याला हिशेब येतो.

मानसशास्त्राचंच नाव घ्यायचं तर नीट घेऊ. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली 'हे मला जमेल' या विश्वासाबद्दल एक सिद्धांत मांडला. हा विश्वास चार ठिकाणांहून येतो असं तो म्हणतो: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं, दुसऱ्यानं दिलेला धीर, आणि छाती धडधडायला लागली की तिचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात पक्का पहिला. नुसत्या शब्दांनी दिलेला धीर कच्चा, पहिल्या फटक्यात उतरतो. आणि आमची कॉलेजं काय करतात? पहिलं शून्य, दुसरं शून्य, सगळा जोर तिसऱ्यावर! पाहुण्यांचं भाषण.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे डेव्हिड मॅकलेलँड. 'द अचीव्हिंग सोसायटी' (१९६१) लिहिणारा हा अमेरिकन प्राध्यापक. त्यानं १९६४-६५ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याच्या लोकांना हैदराबादच्या एका संस्थेत दहा-दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं, आणि पुढे ती मंडळी धंद्यात जास्त हालचाल करताना दिसली. म्हणजे प्रेरणा शिकवता येते! अगदी मान्य. पण ते बहुतेक आधीच धंद्यात असलेले लोक होते हो. प्रशिक्षण संपल्यावर त्यांना उघडायला स्वतःचं दुकान होतं. आपण त्यातलं शिबिर तेवढं उचललं आणि ज्यांच्याकडे दुकानच नाही अशा पोरांना दिलं.

कोणी म्हणेल, गलाईचं फार कौतुक नको. बरोबर आहे. नायट्रिक ॲसिडच्या वाफांत आयुष्य काढणं काही रोमँटिक नाही, त्यापायी शाळा सुटलेली पोरंही आहेत. शिवाय ही नक्कल झाली, यात नवं काय? चुलत्यानं जे केलं तेच पुतण्या करतो. मान्य. मग नवं करणाऱ्याचं उदाहरण घेऊ, तेही सांगली जिल्ह्यातलंच.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. सायकलींचा धंदा त्यांनी नोकरी सांभाळून सुरू केला. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावात भावाकडे, रामूअण्णांकडे, पाठवायच्या. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली. पुढे लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. नंतर बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, पैशाचीही मदत केली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या माणसाला आपण 'धाडसी' म्हणून मोकळे होतो. पण नीट बघा, पहिला डाव त्यांनी पगार चालू असताना लावला, आणि सगळ्यात मोठ्या डावाच्या वेळी अर्धा भार एका राजानं उचलला. उद्योजकांचा अभ्यास करणाऱ्या सरस सरस्वती यांनी २००१ साली हेच मांडलं, की मुरलेला उद्योजक 'किती मिळेल' याआधी 'किती गेलं तर चालेल' हे बघतो. आणि नांगर सुचला तो शेतकऱ्याची अडचण डोळ्यासमोर होती म्हणून. आमच्या फायनल इयरला तासगावच्या द्राक्षवाल्यांची मुलं लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम बनवायची (काही जण विकत आणायचे!), आणि तिकडे अवकाळी पावसात घरचा बेदाणा भिजत असायचा. त्या बेदाण्यावर प्रोजेक्ट करा असं एकाही सरांनी कधी सांगितलं नाही.

आणि हे सगळं साताऱ्यात कोणाला ठाऊकच नव्हतं असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओगले, किर्लोस्कर आणि कूपर, तिन्ही कारखान्यांसाठी काम केलं होतं. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढताना त्यांनी पोरांना स्वावलंबनावर व्याख्यानं दिली नाहीत, 'कमवा आणि शिका' म्हणून हातात कुदळ दिली. गरिबाच्या पोरानं स्वतःच्या घामावर शिकावं हा तिचा हेतू, पण 'आपल्याला जमतं' हा अनुभवही त्यातूनच मिळतो. आज बऱ्याच ठिकाणी ही योजना म्हणजे ऑफिसात फायली लावण्याचं तुटपुंजं मानधन होऊन बसलीय.

आपल्या धंद्यात नव्या ज्युनिअरला 'धाडस कर' म्हणून थेट प्रॉडक्शनवर कोणी सोडतं का? नाही. त्याला टेस्ट सर्व्हर देतो. मोड बाबा, काय मोडायचं ते. कॉलेज हा तोच टेस्ट सर्व्हर असायला हवा. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकानं खऱ्या माणसाला खऱ्या पैशात काहीतरी विकावं आणि ठरावीक रकमेपर्यंतचा तोटा कॉलेजनं सोसावा. बंगलोरच्या स्टार्टअपवाल्याऐवजी कुपवाड एमआयडीसीतला वर्कशॉपवाला बोलवावा, आणि ज्याचं वर्कशॉप बंद पडलं तोही बोलवावा. धंद्यासाठी वर्षभर सुट्टी घ्यायची मुभा केंद्र सरकारच्या २०१९च्या धोरणात आहेच. पण ती घेणाऱ्याला परत आल्यावर कॅम्पसला बसता येणार नसेल तर त्या कागदाला काय अर्थ? उद्योजकता सेलचा फ्लेक्स आणि चहा-नाश्ता यावर होणाऱ्या खर्चात यातलं बरंच बसेल.

आणि मंडळी, हे आपल्यालाही लागू आहे. आता आपलीच बॅच 'माजी विद्यार्थी' म्हणून कॉलेजात भाषणं ठोकायच्या वयाला आलीय. बोलावणं आलं तर जरूर जा. पण स्वप्नं बघा वगैरे सांगू नका, कृपा करा. चार पोरांना पाच-पाच हजार द्या, बुडाले तरी परत मागणार नाही असं सांगा, आणि त्यांचं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही व्हा. एवढं करूनही कोणी काही केलं नाही, तर मग खुशाल मानसिकतेवर बोलू.