रिकाम्या माइकचं थेट प्रक्षेपण

१५ मार्च २०१६ची रात्र. अमेरिकेत फ्लोरिडा, ओहायोसह पाच राज्यांत प्रायमरीचं, म्हणजे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडण्याचं, मतदान आटोपलं होतं. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणारे बर्नी सँडर्स यांच्यासाठी निकाल काही बरे लागत नव्हते, तरी ते फिनिक्समधल्या सभेत बोलायला उभे राहिले. त्याच वेळी सीएनएन, फॉक्स आणि एमएसएनबीसी या तिन्ही वृत्तवाहिन्यांवर दिसत होतं पाम बीचमधलं एक व्यासपीठ. माइक होता, माणूस नव्हता. डोनाल्ड ट्रम्प अजून यायचे होते.

एका रात्रीचा योगायोग म्हणून सोडून द्यावं, तर आधीच्या वर्षाचा हिशेब आडवा येतो. संध्याकाळच्या बातमीपत्रांतली मिनिटं मोजणाऱ्या टिंडल रिपोर्टनुसार २०१५च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत एबीसीच्या मुख्य बातमीपत्राने ट्रम्प यांच्या प्रचाराला ८१ मिनिटं दिली आणि सँडर्स यांच्या प्रचाराला २०. मिनिटं नव्हे, सेकंद!

लोकांना जे पाहायचं तेच आम्ही दाखवतो, हे वाहिन्यांचं ठरलेलं उत्तर. सीबीएसचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस यांनी तर फेब्रुवारी २०१६मध्ये उघडच सांगितलं, की हे अमेरिकेच्या भल्याचं नसेलही, पण सीबीएसची मात्र चांदी आहे. निदान आडपडदा तरी ठेवला नाही.

पण प्रायमरीत हे उत्तर पुरत नाही. सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, त्यामुळे पक्ष बघून मत देण्याची सोय नाही. त्यात मतदान एका दिवशी नाही, राज्यामागून राज्य. आयोवाच्या बातम्या बघून न्यू हॅम्पशायरचा मतदार अंदाज बांधतो आणि देणगीदार हात आखडता घेतो. पडद्यावर न दिसणारा उमेदवार पुढच्या राज्यात पोहोचतो तो निम्मा हरूनच.

अर्थात, दिसण्याचेही प्रकार असतात. १९ जानेवारी २००४ला आयोवात डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतले हॉवर्ड डीन तिसरे आले. कार्यकर्त्यांचा हुरूप टिकावा म्हणून पुढच्या राज्यांची नावं एका दमात घेत त्यांनी शेवटी आरोळी ठोकली. सभागृहात इतका गलका होता की त्यात ती वेगळी अशी उठून दिसली नाही. पण हातातला माइक तोंडाजवळचा आवाज तेवढा टिपणारा, गर्दीचा गाळून टाकणारा. घरोघरी दिसला तो उगाचच एकटा किंचाळणारा माणूस. राष्ट्रीय वाहिन्यांनी चार दिवसांत ती फीत सहाशेहून अधिक वेळा दाखवली. डीन आरोळीमुळे हरले हे काही खरं नव्हे. आयोवात ते त्याआधीच हरले होते. पण सावरायला जे दिवस हवे होते, ते त्या फितीने खाल्ले. १८ फेब्रुवारीला त्यांनी प्रचार थांबवला.

दोष एकट्या टीव्हीचा वाटत असेल, तर डेमोक्रॅटिक उमेदवारीच्याच शर्यतीतले एडमंड मस्की आठवावेत. १९७२मध्ये न्यू हॅम्पशायरच्या एका वृत्तपत्राने त्यांच्या पत्नीबद्दल वेडंवाकडं छापलं. भर बर्फात त्या कचेरीसमोर उभं राहून मस्की बोलले आणि वार्ताहरांनी लिहिलं, मस्की रडले. गालावर होता तो वितळलेला बर्फ, असं ते सांगत राहिले. प्रायमरीत त्यांना सुमारे ४६ टक्के मतं पडली, जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ३७. मस्की जिंकले होते. पण पत्रकारांनी त्यांच्याकडून याहून मोठ्या विजयाची अपेक्षा धरलेली, त्यामुळे कौतुक झालं ते मॅकगव्हर्न यांच्या दुसऱ्या क्रमांकाचं.