झोपडी कातकऱ्याची, जमीन कोणाची?

१/ शहापूरहून मुरबाडकडे निघाले की सापगावजवळ भातसा नदी लागते. हिच्याच धरणातून मुंबईला पाणी जाते. गरिबांच्या घरांचा प्रश्न म्हटला की आपल्याला त्या मुंबईतल्या चाळी आणि झोपडपट्ट्या आठवतात. हा धागा मात्र या दोन तालुक्यांतील कातकरवाड्यांविषयी. 🧵

२/ 'कातकरी' हे नाव कातावरून आले. खैराचे लाकूड उकळून कात काढणे, कोळसा पाडणे, शिकार करणे हा त्यांचा निर्वाह. या फिरस्त्या जीवनात कुडाचे घर पुरेसे होते. जमिनीच्या कागदाची गरज नव्हती.

३/ १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली. ठाणे-कुलाब्यातील तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. जंगल तुटलेला कातकरी शेतमालकाच्या आश्रयास आला. कर्जापोटी 'लग्नगडी' म्हणून राबला. झोपडीपुरती जागा मिळाली, पण कागदावर नाव मालकाचेच राहिले.

४/ १९४८ च्या कुळकायद्याने हे ओळखले होते. कलम १६ ते १८ नुसार कुळांना, तसेच शेतमजूर व कारागिरांनाही राहत्या घरातून हुसकावण्यास प्रतिबंध आहे. घराखालची जागा त्यांच्या नावे होण्याची वाटही आहे. परंतु वास्तव्याचा पुरावा कोठून आणावा? कुडाच्या घराचा दस्तऐवज कोणी ठेवला?

५/ आज घरकुलासाठी पैसा आहे. २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत कातकरी कुटुंबाला २ लाख रुपये मिळू शकतात. पण घर बांधायचे कोणाच्या जमिनीवर? अनुदान हाती येण्याआधीच अर्ज इथे अडतो.

६/ म्हणून माझे मत : आधी घरठाण, मग घरकुल. जिथे मालक स्वतःच अल्पभूधारक आहे, तिथे मोबदला शासनाने द्यावा. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात; त्या अधिकाराने वाड्या गावठाणात घ्याव्यात.

७/ आणि पाहणी पावसाळ्यात करावी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. हिवाळ्यात आलेल्या तलाठ्याला रिकामी झोपडी दिसते आणि 'येथे कोणी राहत नाही' अशी नोंद होण्याचा धोका असतो. इतरांच्या इमारतींसाठी विटा पाडायला गेल्याने स्वतःचे घर गमावावे लागू नये.

८/ आपल्या गावाजवळची वाडी गावठाणात आहे की खासगी गटात? गावनकाशा पाहा आणि खाली कळवा. मालकांची नावे मात्र लिहू नका.