म्हातारपणी पाणी कोण देणार?

आईशी माझा कुठल्याही विषयावर वाद होवो, शेवट एकाच वाक्यावर होतो. "मंग म्हातारपनी तुला पानी कोन देल?"

आमचं घर टेमघरचं, भिवंडीतलं. बाहेरच्यांना टेमघर माहीत नसतं, पण ठाण्यातले आणि मीरा-भाईंदरमधले बरेच जण आमच्याकडूनच गेलेलं पाणी पितात. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होतं आणि पुढे शहरांकडे जातं. 'स्टेम' हे नावच शहाड आणि टेमघर मिळून बनलंय. म्हणून आईनं पहिल्यांदा हा प्रश्न टाकला तेव्हा मी म्हटलं, "अर्ध्या जिल्ह्याला आपण पाणी पाजतो, मला कोणीतरी देईलच की!" ती हसली नाही.

मी २८ वर्षांचा आहे. इंजिनीअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. मी समलिंगी आहे आणि चार वर्षं माझ्या जोडीदारासोबत राहतोय. कल्याण रोडवर, मेट्रोच्या खांबांसमोर, भाड्याचा वन बीएचके. घरमालकाच्या लेखी आम्ही 'दोन बॅचलर'. शेजारच्या काकूंनी आम्हाला परस्पर मावसभाऊ करून टाकलंय. आईच्या लेखी तो 'तुझा मित्र'.

आणि आम्हाला मूल हवंय.

इथपर्यंत आलं की भल्याभल्यांचा चेहरा बदलतो. "तुम्ही कसे राहता त्याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही" म्हणणारे मित्रसुद्धा इथे थबकतात. "तुमचं ठीक आहे रे, पण त्या मुलाचा काय दोष?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचंच उत्तर लिहायला बसलोय. मुलाचा दोष नाहीच. पण आज मुलाला शिक्षा कोण देतंय, ते एकदा नीट बघूया.

आधी कायदा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा फास सोडवला आणि प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण गुन्हेगार नसणं वेगळं आणि कुटुंब असणं वेगळं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्याचा निकाल आला. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला पाचही न्यायमूर्तींनी नकार दिला. त्यावर सगळीकडे लिहून आलं. त्याच निकालात दत्तक घेण्याबद्दलही एक भाग होता. तो बातम्यांत मागे पडला, पण माझ्यासारख्याचं आयुष्य त्यावर ठरतं.

आपल्याकडे दत्तक प्रक्रिया 'कारा' ही केंद्रीय संस्था चालवते. तिच्या २०२२ च्या नियमावलीत नियम ५(३) आहे: जोडप्याला मूल दत्तक हवं असेल तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं हवं. आम्हाला लग्नच करता येत नाही, म्हणजे जोडपं म्हणून आम्ही बाद. पण एकट्या माणसाला मूल दत्तक घेता येतं! एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, मुलगा मिळू शकतो. म्हणजे मी एकटा पालक व्हायला पात्र आहे. मग जून २०२२ मध्ये काराचं परिपत्रक आलं, त्यानुसार लग्नाशिवाय जोडीदारासोबत राहणाऱ्याचा 'एकटा' म्हणून अर्जही विचारात घेतला जाणार नाही.

पुन्हा वाचा. मी एकटा असलो तर पात्र. माझ्यावर आणि त्या मुलावर प्रेम करणारं आणखी एक माणूस घरात असलं, त्याचा पगार, त्याची जाग, त्याचे दोन हात जमेला आले, की मी अपात्र.

सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी ही बंधनं भेदभाव करणारी ठरवली. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंहा यांनी नियम कायम ठेवला. ३ विरुद्ध २. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं की लग्न झालेल्या जोडप्याच्या मुलाला पोटगी, ताबा, वारसा यांचं कायदेशीर संरक्षण असतं. लग्नाबाहेरचं जोडपं तुटलं तर मुलाला ते कसं मिळणार? ही काळजी खोटी नाही. पण एकट्यानं मूल दत्तक घ्यायचं आणि नंतर दोघांनी मिळून वाढवायचं, अशी घरं प्रत्यक्षात असतात, सरकारनं त्यांचा विचार करावा, असं न्या. भट यांच्याच निकालात म्हटलंय. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. विचार अजून कोणी केलेला नाही.

आता अशा घरातल्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. घरात दोन माणसं त्याला वाढवतात. एक त्याला शाळेत सोडतो, दुसरा ताप आला की रात्रभर उशाशी बसतो. कागदावर मात्र पालक एकच. उद्या कागदावरचा पालक ट्रकखाली आला (भिवंडीच्या रस्त्यांवर हे नुसतं उदाहरण नसतं), तर ताप उतरवणारा माणूस त्या मुलाचा कोण? कोणीच नाही. त्याला कोर्टाचे उंबरे झिजवावे लागतील आणि आयुष्यात कधी न फिरकलेला एखादा नातेवाईक तिथे येऊन हक्क सांगू शकेल. मुलाला संरक्षण मिळणार नाही म्हणून नियम कायम ठेवला आणि त्याच नियमानं मुलाचा एक पालक काढून घेतला. मुलाच्या नावानं घेतलेला निर्णय मुलाच्याच मुळावर आला.

"पण मुलाला आई आणि बाप दोघंही लागतात." हे ज्याला म्हणायचंय त्यानं आधी सरकारला जाब विचारावा, कारण एकट्या बाईला आणि एकट्या पुरुषाला पालक होऊ देऊन कायद्यानं हा मुद्दा कधीच सोडून दिलाय. किंवा टेमघरला यावं. बाप यंत्रमागावर दोन पाळ्या करतो, आई गोदामात पॅकिंगला जाते, मूल आजीकडे. बाप उत्तर प्रदेशातून इथे आलाय आणि मूल तिकडे काकाकडे वाढतंय. एका खोलीत दहा कामगार राहतात, आळीपाळीनं झोपतात, एकाच भांड्यातलं जेवतात, आजारी पडलं की एकमेकांना दवाखान्यात नेतात. आदर्श कुटुंबाचं चित्र शाळेच्या तक्त्यावर असतं, वस्तीत प्रत्येक घर आपापल्या गरजेनुसार बनतं. जनगणना करणाऱ्यांना हे कधीच कळलंय. त्यांच्या व्याख्येत एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. रक्त कुणाचं, ते विचारत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न खात्यानं राज्यांना कळवलं की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले धरा. म्हणजे तांदूळ घेताना आम्ही कुटुंब आहोत, त्या तांदळाची पेज मुलाला भरवताना नाही.

"आपल्या संस्कृतीत हे बसत नाही." हे वाक्य तर खास मराठी माणसानं बोलूच नये. दत्तक वारस नामंजूर करणारा डलहौसी आपल्या इतिहासाच्या पुस्तकात खलनायक आहे. १८४८ मध्ये त्यानं साताऱ्याचं राज्य खालसा केलं, पुढे झाशी, नागपूर. "मेरी झांसी नहीं दूँगी" म्हणत आपण शाळेच्या गॅदरिंगमध्ये लाकडी तलवारी फिरवल्या, त्या दत्तक मुलाच्या हक्कासाठीच. कवळाण्याच्या एका शेतकरी घरातला गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याचा सयाजीराव झाला. त्याला दत्तक घेतलं जमनाबाईंनी, त्या विधवा होत्या. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरचा शाहू झाला. त्याला दत्तक घेतलं आनंदीबाईंनी, त्याही विधवा. महाराष्ट्र ज्यांचं नाव अभिमानानं घेतो असे दोन राजे, दोघांनाही दत्तक आईनं घेतलं, आणि त्या आईचा नवरा हयात नव्हता. ती दत्तकं गादीसाठी होती, मायेसाठी नव्हे, हे मला मान्य आहे. मग गादीसाठी चालतं ते मायेसाठी का चालू नये?

पुढचा प्रश्न नेहमीचा: "ते मूल तुम्हा दोघांना हाक काय मारणार?" जणू मराठी घरांत हाका कधी नियमानं मारल्या गेल्यात! किती घरांत बापाला 'दादा' किंवा 'अण्णा' म्हणत, कारण काका लोक तसं म्हणत. सख्ख्या आईला 'वहिनी' म्हणणारी मुलं होती. आजी 'आई' असायची आणि आई 'बाई'. त्यामुळे कोणाला आपला बाप कोण हे कळलं नाही असं झालं नाही. मूल एकाला बाबा म्हणेल, एकाला अण्णा. दोन दिवसांत सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा सवय होईल.

राहता राहिला कागद. तिथे मला माझ्याच धंद्याबद्दल बोलायला हवं. पहिल्या नोकरीत मी शाळाप्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म बनवत होतो. 'वडिलांचे नाव' या रकान्याला लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एक दिवस तक्रार आली की एक बाई त्या रकान्यात नुसतं टिंब टाकतेय. मी काय केलं? किमान तीन अक्षरांची अट घातली. दुसऱ्या दिवशी तिनं तिथे लिहिलं: 'नाही नाही'. फॉर्म स्वीकारला गेला आणि मी तक्रार निकालात काढली. ती बाई विधवा होती, परित्यक्ता होती की एकटीनं मूल वाढवणारी, मला माहीत नाही. त्या दोन शब्दांचा मला आज जेवढा त्रास होतो तेवढा तेव्हा अजिबात झाला नव्हता. नोकरशाहीला शिव्या देणं सोपं असतं. ती लाल चांदणी माझ्या हातची होती.

आणि ती काढता येते. राज्य सरकारनं ठरवलं आणि १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात बालकाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला. शाळेपासून सातबारापर्यंत पिढ्यानपिढ्या जी आई कागदावर नव्हती ती एका निर्णयानं आली. आभाळ कोसळलं नाही. आमच्यासारख्यांना दोनचार तासांचं जास्तीचं काम लागलं, एवढंच.

आता एक कटू गोष्ट. माझ्या एका जवळच्या नातेवाइकानं, अगदी मायेनं, मला तोडगा सुचवला: "लग्न कर, एक मूल होऊ दे, मग तुला काय करायचं ते कर." हा तोडगा समाजाला मान्य आहे. एका मुलीला फसवायचं, तिचं आयुष्य नासवायचं, आईबापांच्या रोजच्या खोटेपणात एक मूल वाढवायचं, आणि त्या मुलाच्या दाखल्यावरचा प्रत्येक रकाना बरोब्बर भरलेला असेल. तेव्हा "त्या मुलाचा काय दोष?" असं कोणी विचारत नाही. त्या मुलीचा तर कोणीच विचारत नाही. म्हणूनच ही काळजी मुलाची आहे यावर माझा विश्वास नाही. ही काळजी रकान्याची आहे.

शाळेत चिडवतील? चिडवतील. जातीवरून चिडवतात, रंगावरून चिडवतात, बाप दारू पितो म्हणून चिडवतात. त्यावर उपाय म्हणून आपण काळ्या माणसांना मुलं होऊ देणं थांबवत नाही. चिडवणारी मुलं घरी काय ऐकतात ते आधी बघू.

मागणी साधी आहे. लग्नाचा प्रश्न संसदेत जेव्हा सुटायचा तेव्हा सुटो. पण एकट्यानं दत्तक घेतलेल्या मुलाला, त्या घरात त्याला वाढवणाऱ्या दुसऱ्या माणसाला कायदेशीर पालक म्हणून मिळवायचा हक्क हवा. पोटगी, वारसा, ताबा, सगळ्या जबाबदाऱ्यांसकट. आम्ही तुटलो तर कोर्टानं आम्हाला बांधून घालावं, तेही हवंय. आणि एकटा राहतो की सोबत, यावरून माझी पात्रता ठरवणारं ते परिपत्रक रद्द व्हावं.

तोवर काराचा फॉर्म माझ्या लॅपटॉपवर उघडा पडलाय. नोंदणी केली की समाजसेविका घर बघायला येणार. त्या दिवशी बाथरूममधला दुसरा टूथब्रश लपवायचा का, यावर आमच्यात तीनदा भांडण झालंय. तो म्हणतो, लपवू. मूल घरी येऊ दे, मग बघू. मी म्हणतो, मुलाच्या येण्याची सुरुवातच खोट्यानं करायची असेल तर मग त्या नातेवाइकाचं काय चुकलं होतं?

आई दर रविवारी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट पाठवते. डब्यात आठ भाकऱ्या असतात. चार माझ्या, चार 'तुझ्या मित्राच्या'. जनगणनेची व्याख्या तिनं वाचलेली नाही, पण हिशोब तिला बरोबर येतो. पाण्याचा प्रश्न मात्र तिनं सोडलेला नाही. मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना सांभाळावं म्हणून २००७ मध्ये सरकारला कायदा करावा लागला, हे सांगून झालं. तिला पटत नाही.

खरं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही. मला मूल हवंय ते म्हातारपणी मला पाणी द्यायला नकोय, आई. रात्री दोन वाजता ते रडत उठेल तेव्हा त्याला पाणी द्यायला आम्हाला उठायचंय. दोघांपैकी ज्याला आधी जाग येईल त्याला.