रविवारची मिस्सा, सर्वांची चर्चा

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले आणि लॅटिन मिस्सा लोकभाषेत येण्याची वाट मोकळी झाली. वसईच्या चर्चमध्ये आज मराठीतून मिस्सा होते, ती या निर्णयामुळेच.

आता प्रश्न नवे आहेत: मिस्सेच्या वेळा, गायनाची पद्धत, तरुणांचा सहभाग. २०२१ ते २०२४ या काळातल्या कॅथलिक चर्चच्या सिनोडनेही (धर्मसभेनेही) सर्वांचे ऐकून घेण्यावर भर दिला. म्हणूनच या अंकात आम्ही बदल कोणते यापेक्षा ते ठरवताना कोणाला विचारले जाते, याकडे अधिक लक्ष दिले आहे. उपासना साऱ्या धर्मग्रामाची; तिच्यातला बदलही साऱ्यांशी बोलूनच व्हावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

तुम्ही वसईत असा वा खाप्यात, तुमचे मत आम्हांला जरूर कळवा.